सगळ्या बाजूंनी वाईट भाला

जेऊर, मळ्यातून
ता. २८ जानेवारी १९३४

शरू मास्तरास जोतीरामचा रामराम.

आमी समदी खुशाल हाय, तूबी असशील. आता कामाचं लिहितो. मला एक भाला पायजे, आन तो तू निवडून द्यायचा हाय.

हसू नगंस. तुज्या वडलांची बदली झाली तवा तू चौथीत हुतास, म्हणून इसरला असशील. रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गावची पारध असती. नदीकाठच्या बाभळबनात हाकारा घालून रानडुकरं उठवत्यात. ती निसटायच्या वाटंवर, पहिल्या नाक्यावर उभं राहून पहिला भाला मारायचा मान आमच्या घराचा. आज्यानं मारला, बानं मारला, बाच्या मागं बावीस वर्सं मी मारतोय. मागल्या साली तेवढा घोटाळा झाला. भाला बरोबर लागला, पण डुक्कर भाल्यासकट भीमा पोहून इंदापूरच्या अंगाला गेलं. जाता जाता माजी मांडी फाडून गेलं, ती गोष्ट सोड. आज्याचा भाला परमुलखात गेला. लगीच आमचा चुलतभाऊ हिंदुराव पंचांपुढं म्हणाला, ज्याच्या घरात भाला न्हाय त्याला मान कशाचा. पंचांनी ठरवलं की औंदा जोतीरामानं नवा भाला आणून नाका राखला तर मान त्याचा, न्हाय तर हितनं पुढं हिंदुरावाचा.

आता नेम असा हाय की नवा भाला घरच्यानं किंवा भावकीतल्यानं निवडायचा न्हाय. परका पायजे आन इमानाचा पायजे. परके लई हायत. इमानाचा इचार करता करता तूच एकटा उरलास. सोलापुरात लोहार चांगले हायत म्हणत्यात. पारधीच्या पंधरा दिवस आधी भाला हितं पोचू दे.

हिंदुराव रोज सकाळी भाला खांद्यावर टाकून आमच्या दारावरनं जातो. शेण भरायला जाताना भाला कशाला लागतो ते मला इचारू नगंस.

तुजा
जोतीराम


सोलापूर, शुक्रवार पेठ
ता. २ फेब्रुवारी १९३४

प्रिय जोतीरामास,

तुझं पत्र मी शाळेच्या मधल्या सुट्टीत उघडलं, ही चूक झाली. चित्रकलेच्या मास्तरांनी खांद्यावरून वाचलं आणि तेव्हापासून शिक्षकांच्या खोलीत मला सेनापती म्हणतात. तीस वर्षं मी संस्कृत आणि भूगोल शिकवतो आहे. माझी शस्त्रं म्हणजे खडू आणि छडी, त्यातली छडी मी दोनदा वापरली आणि दोन्ही वेळा मीच नंतर आजारी पडलो.

घरी अनसूयेला सांगितलं तर ती म्हणाली, "तुम्हाला बाजारातून वांगी निवडून आणता येत नाहीत. परवाच्या सहांतली चार किडकी निघाली. आणि तुम्ही भाला निवडणार?"

पण तू इमानाचा म्हणून माझ्याकडे आलास, तेव्हा नाही म्हणवत नाही. मंगळवार बाजाराच्या अंगाला गुरुबसप्पा नावाचा एक जुना लोहार आहे असं ऐकतो. त्याच्याकडे जाऊन बसेन आणि शिकून मगच घेईन.

मांडीचं काय ते नीट कळव. लहानपणीही तू गुडघा फोडून घेतलास की "ती गोष्ट सोड" म्हणायचास, म्हणून मला शंका येते.

तुझा
शरच्चंद्र


जेऊर
ता. ६ फेब्रुवारी १९३४

मास्तर भावजींस सोजरबाईचा नमस्कार. अक्षर सूनबाई बजाबाईचं हाय. ती चौथी शिकली हाय आन कुणाला सांगायची न्हाय.

तुमचं पत्र यांनी मला वाचून दाखवलं, मांडीचं सोडून. ते बजाबाईनं मागनं वाचलं. भावजी, मांडी भरून आली, पण त्या दिवशी आपटलेला उजवा खांदा गेला तो गेलाच. हात वर होत न्हाय. दार लावून पटका मी बांधते आन हे बाहेर जाऊन मिशीला पीळ देत्यात. असल्या खांद्यानं डुकरापुढं उभं राहणार. मी लई सांगून बघितलं. म्हणत्यात, मी न्हाय गेलो तर हिंदुराव जाईल. जाऊ दे की. हिंदुराव पस्तिशीचा हाय, त्याला पळता तरी येतं.

तवा माजं एक ऐका. भाला वाईट आणा. थोडा वाईट आणू नगा, थोडा वाईट असला तर हे ठोकून नीट करत्याल. असा आणा की हातात घेताक्षणी फेकून देत्याल. मग दुसरा आणायला दिवस उरायचे न्हाईत. पारध निघून जाईल, मान जाईल, माणूस घरात राहील. बावीस वर्सं मी त्या दिवशी सकाळपासनं उंबऱ्यात बसून असते. कुणी पळत येताना दिसलं की मी उठून उभी राहते. मला ह्यो मान नगं, मला हे पायजेत.

उत्तर बजाबाईच्या नावानं घाला.

ता. क. मी बजाबाई लिहिते. मामंजी पाटी उचलत्यात तवा त्यांच्या डोळ्याला पाणी येतं. आत्याबाई म्हणाल्या हे लिहू नगंस, पण अक्षर माजं हाय.


सोलापूर
ता. १४ फेब्रुवारी १९३४

चि. सौ. बजाबाईस आशीर्वाद. हे सासूबाईंना वाचून दाखव आणि लगेच चुलीत घाल.

वहिनी, काम झालं. मला वाटलं होतं की वाईट भाला निवडणं माझ्यासारख्याला सोपं जाईल. पण वाईट कशाला म्हणायचं हे कळायला आधी चांगला कळावा लागतो. काल मंगळवारी गुरुबसप्पानं मला दोन तास भात्याजवळ उकिडवं बसवून शिकवलं. पात्यावर नाणं वाजवलं की देवळातल्या घंटेसारखा आवाज लांबत गेला पाहिजे. काठी भरीव वेळूची हवी, पेरं जवळजवळ, आणि वर्षभर चुलीच्या धुरात राहिलेली. पात्याची शेपटी वीतभर काठीच्या पोटात जाऊन खिळ्यानं आरपार ठोकलेली हवी. भाला एका बोटावर तोलून बघायचा, शेंडा खाली गेला की बाद, बुडखा खाली गेला की बाद. आणि पात्याखाली एक आडवी पट्टी हवीच. ती कशाला, असं मी विचारलं. तो म्हणाला, "हंदि निल्लंगिल्ल, मास्तर. डुक्कर थांबत नाय. भाला पोटात घेऊन भाल्यावरूनच तुमच्याकडं चालत येतंय. पट्टीनं अडतंय." ते ऐकून मला एकदम खाली बसावंसं वाटलं, पण मी बसलेलोच होतो.

सगळं समजून घेतल्यावर मी म्हणालो, यातलं एकही ज्यात नाही असा भाला दाखवा. त्यानं माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग बायकोला, सुंदरम्माला, बाहेर बोलावलं आणि तिलाही बघायला लावलं. असला माल माझ्या दुकानात नाही, असं तो ताठ्यानं म्हणाला. तेव्हा सुंदरम्मा कानडीत काहीतरी हळूच बोलली आणि म्हाताऱ्याचा चेहरा पडला. तिनं मागून एक भाला आणला. कोंबड्यांच्या खुराड्याचं दार त्यानं अडवलेलं होतं. तो त्यांच्या जावयानं केलेला.

वहिनी, तो भाला मी तुम्हाला काय सांगू. नाणं वाजवलं तर भोपळ्यावर वाजवल्यासारखं वाजलं. काठी पोकळ, तिच्यात एक भुंगा राहत होता, तो चौकशीला बाहेर आला. पात्याची शेपटी दोन बोटं, तीही लाखेनं चिकटवलेली. आडवी पट्टी नाहीच. बोटावर कुठंही धरला तरी तो पडायलाच बघत होता. गुरुबसप्पानं एकच अट घातली, लोहाराचं नाव कुणाला सांगायचं नाही. जावयाचंही नाही, कारण शेवटी जावई आहे.

आज सकाळच्या गाडीनं पार्सल रवाना केलं. जोतीरामनं इमानाचा म्हणून मला निवडलं, हे मनातून जात नाही. तुम्ही सांगितलंत म्हणूनच हे केलं.

शरच्चंद्र


जेऊर
ता. १९ फेब्रुवारी १९३४

शरूस रामराम.

भाला पोचला. आणायला टेसनावर मी सोता गेलो हुतो. काय भाला हाय. असा भाला मी जन्मात बघितला न्हाय. आज्यानंबी बघितला नसंल. पंचांना दाखवला, त्यांनी तो पाळीपाळीनं उचलून बघितला. हिंदुरावानं हातात घेऊन वरखाली बघितला आन लई मायेनं मला परत दिला.

नेमापरमानं हळद लावून तो मायाक्काच्या देवळात ठेवला हाय. परक्यानं इमानानं निवडलेला भाला नाकारता येत न्हाय आन बदलताबी येत न्हाय, तो देवीचा झाला. आता त्याला हात लावायचा तो पारधीच्या सकाळी.

पुढचं तुला ठाऊक असंल, तरी लिहितो. भाला निवडणाऱ्यानं पहिल्या पारधीला भालेकऱ्याच्या मागं दोन पावलांवर उभं राहायचं असतं, हातात काय न घेता. त्याला पाठराखा म्हणत्यात. म्हाताऱ्यांनी इचार करून घातलेला नेम हाय. आपल्याला मागं उभं राहायचं हाय म्हणलं की माणूस भाला नीट बघून घेतो. आन भाला मोडला तर त्याचे तुकडे पाठराख्याच्या दाराला वर्सभर टांगत्यात. आल्यागेल्यानं बघावं, ह्या घरच्यानं भाला निवडला हुता.

सोलापुरात तुज्या दाराला खुंटी हाय का?

पारध ७ मार्चला. आदल्या दिवशीच्या गाडीनं ये. जुनं धोतर आण.

तुजा
जोतीराम


सोलापूर
ता. २१ फेब्रुवारी १९३४

चि. सौ. बजाबाईस. सासूबाईंना तातडीनं वाचून दाखव.

वहिनी, हे काय होऊन बसलं? तुम्ही म्हणालात फेकून देतील. इथे तर फेकायची सोयच नाही. नाकारता येत नाही, बदलता येत नाही, आणि मला त्या भाल्याच्या मागे रिकाम्या हातानं उभं राहायचं आहे. अनसूयेनं जोतीरामचं पत्र दोनदा वाचलं आणि एवढंच म्हणाली, "वांगी निदान परत करता येतात."

माझं भिणं राहू द्या बाजूला. त्या भाल्यापुढे तो उभा राहणार आहे आणि भाला मी निवडला आहे. भुंग्याचा. लाखेचा. त्याला काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू? वर्गात शिकवताना मध्येच गप्प होतो आणि मुलांना वाटतं मास्तरांना श्लोक आठवत नाही. काहीतरी करा. जोतीरामला मी यायला जमत नाही म्हणून आजच कळवलं आहे. मी नसलो तर कदाचित पंचच पारध पुढे ढकलतील.

शरच्चंद्र


जेऊर
ता. २५ फेब्रुवारी १९३४

शरू,

तुजी कारणं वाचली. शाळेची तपासणी, बायकोच्या मावसबहिणीचं डोहाळजेवण आन डाव्या पायाला मुंग्या. तिन्ही ७ मार्चलाच.

आता माजं ऐक. मला दुसरं काय कळत नसंल, भाला कळतो. अडाणी माणसानं फसून आणलेला भाला एका बाजूनं वाईट असतो. पातं मऊ असलं तर काठी बरी असती. काठी किडकी असली तर पातं बरं असतं. असा सगळ्या बाजूंनी वाईट भाला चुकून मिळत न्हाय, तो शोधावा लागतो. आन शोधणाऱ्याला भाला कळावा लागतो. तुला तर कळत न्हाय. म्हणजी कुणीतरी तुला शिकवलं, आन कुणीतरी उलटं घ्यायला सांगितलं.

सांगणारा कोण ते लिही. हिंदुराव असंल तर पंचांपुढं उभा करतो. मान माज्याकडं राहील, भाला रद्द होईल आन तुला यायला नगं. नुसतं नाव लिही. पण कुणी सांगितलं न्हाय, मीच निवडला असं म्हणणार असशील, तर ७ तारखेला माज्या मागं उभा राहा. दोन्हीतलं एक कायबी कर, पण मुंग्या सांगू नगंस.

जोतीराम


सोलापूर
ता. १ मार्च १९३४

जोतीराम,

कुणी सांगितलं नाही. भाला मीच निवडला.

हिंदुरावाचं नाव लिहिलं असतं तर मी सुटलो असतो. तीन दिवस मी तोच विचार करत होतो, हे तुला सांगायला लाज वाटते पण सांगतो. दौत उघडून बसलोही होतो. त्या बिचाऱ्याला मी कधी बघितलेलं नाही, पण तो शेण भरायला भाला घेऊन जातो म्हणून त्याच्यावर खोटं घालणं बरं नव्हे.

६ तारखेच्या गाडीनं येतो. रजेच्या अर्जात "स्नेह्याचे घरी टाळता न येणारे कार्य" असं लिहिलं. हेडमास्तरांनी विचारलं, लग्न का? मी म्हटलं, अजून ठरायचं आहे. अनसूया माझ्याशी बोलत नाही. पण तिनं चार दिवसांच्या दशम्या बांधल्या आहेत, त्यावरून मी परत यावं अशी तिची इच्छा दिसते.

एकच विनंती. पळायचं ठरवलंस तर मला आधी सांग. मी तुझ्या मागे असणार, म्हणजे तोंड फिरवलं की मी पुढे असेन, आणि माझ्यामुळे तुझी वाट अडायला नको.

तुझा
शरू


जेऊर
ता. ४ मार्च १९३४

भावजी, येऊ नगा. हे पत्र बजाबाईचा भाऊ सोता गाडीनं येऊन तुमच्या हातात देईल.

तुमचं पत्र हे वाचत हुते आन वाचता वाचता त्यांनी डोळे पुसले. म्हणाले, "शरू लहानपणी गोगलगाईला भ्यायचा. तरी येतोय." मला ऱ्हावलं न्हाय. जे हुतं ते समदं सांगून टाकलं. तुमी माजं नाव घेतलं न्हाय, ते मी कसं घेऊ नये?

भावजी, मला हे नेम ठाऊक नव्हते. यांच्या आज्याचा भाला साठ वर्सं चालला, मी आल्यापासनं नवा भाला कुणी निवडलेलाच न्हाय. ठाऊक असतं तर तुमाला ह्यात घातलं नसतं.

हे उठून गोठ्यात गेले ते रातीलाच आत आले. दुसऱ्या दिवशी पंचांकडं गेले आन खरं ते सांगितलं. पंच म्हणाले, हात मास्तराचा असंल, निवड बाईची हाय, तवा पाठराखी तीच. हिंदुराव म्हणाला, बाईमाणूस नाक्यावर कसं चालंल, शिवाय ती घरची हाय. त्यावर सगळ्यात म्हातारे पंच म्हणाले, नेमात परका म्हणलंय, बाप्या म्हणलेलं न्हाय, आन बायको परक्या घरनंच येती.

म्हणून ७ तारखेला मी उभी राहणार हाय. यांना म्हणलं, आता तरी जाऊ नगा. म्हणत्यात, देवीपुढचा भाला उचलला न्हाय तर मान जाईलच, वर गाव म्हणंल बायकोनं बसवला.

भाला मोडला तर तुकडे माज्या माहेरच्या दाराला टांगायचे असं ठरलंय, नातेपुत्याला, माज्या भावाच्या घरी. तितं तीन भावजया हायत. भावजी, खरं सांगते, मला डुकराचं येवढं भ्या वाटत न्हाय.

तुमची वहिनी
सोजरबाई


जेऊर
ता. ११ मार्च १९३४

शरूस रामराम.

मान गेला. तुला दुसऱ्याकडनं कळायच्या आधी मीच लिहितो.

हाकारा झाला आन डुक्कर आलं, वासराएवढं. मी ते बघितलं आन पळालो. दुसरं काय झालं न्हाय. भाला पळता पळता डोहात पडला आन मी बाभळीवर चढलो. सोजरला खाली तशीच सोडून चढलो, हेबी लिहितो, दडवून काय करू? डुक्कर पुढं हिंदुरावाच्या नाक्यावर गेलं आन त्यानं एका घावात घेतलं. घाव चांगला हुता, वाईट म्हणवत न्हाय.

पंच आले तवा मी फांदीवर, बुडाला काटे, आन सोजर खाली पदर सावरून उभी. गाव हसून हसून लोळलं. चौघांनी मिळून मला उतरवला. पंचांनी इचारलं, भाला मोडला का? मी म्हणलं, मोडायला आधी लागायला पायजे की. वापरलाच न्हाय, डोहात हाय, काढा. कोण काढतोय. पंचांनी मान हिंदुरावाला दिला. आता मला समदी बाभळीवरचे आबा म्हणत्यात. सुरवातीला राग आला, आता न्हाय येत.

म्हणून तू मनाला लावून घेऊ नगंस. तुज्या भाल्याचा काय दोष न्हाय. सोजरचाबी न्हाय. तिनं निवडला त्याला कुणी नाव ठेवू नये, वापरणाराच पळपुटा निघाला.

तू लिहिलं हुतंस पळताना तू पुढं असशील. न्हाय रे. मीच पुढं असतो.

तुजा
जोतीराम


जेऊर
ता. १५ मार्च १९३४

मास्तर भावजींस नमस्कार.

यांनी तुमाला काय लिहिलं ते बजाबाईनं टपालात टाकायच्या आधी वाचलं. ते समदं खोटं हाय.

डुक्कर आलं तवा यांनी डाव्या हातानं भाला रोखला, कारण उजवा उठत न्हाय. भाला लागला आन लागताच मोडला. पातं गळून पडलं आन यांच्या हातात हातभर काठी उरली. डुक्कर थोडं मागं सरलं आन परत वळलं. तवा पळायला जागा हुती, शेजारीच ओघळ हाय. मी म्हणलं, पळा. हे पळाले न्हाईत. काठी टाकली आन दोन्ही हात पसरून माज्या पुढं उभं ऱ्हायले. भावजी, उजवाबी हात वर केला. वर्सभर जो पटक्यापतुर गेला न्हाय तो. मला यांच्या पाठीशिवाय काय दिसत नव्हतं. डुक्कर यांच्या कडंनं धोतर फाडून गेलं. का वळलं ते मायाक्काला ठाऊक.

मी रडत हुते. हे म्हणाले, तुकडे गोळा कर आन डोहात टाक, बेगीनं. टाकले. मग म्हणाले, मला बाभळीवर चढव. मी म्हणलं, डुक्कर तर गेलं की. म्हणाले, ढकल, बोलू नगंस. खांदा असा, चढवतंय कोण? मी खालनं डोकं लावून ढकललं. निम्म्या शिव्या मला दिल्या, निम्म्या बाभळीला. फांदीवर बसले न बसले तवर पंच आले.

मला तवा कायबी कळलं न्हाय, वाटलं भ्यानं यांचं डोकं फिरलं. पंचांनी भाला मोडला का म्हणून इचारलं आन हे बोलले, तवा कळलं. मोडला म्हणले असते तर तुकडे नातेपुत्याला माज्या भावाच्या दाराला गेले असते. तीन पिढ्यांचा मान सोडला, वर पळपुटा म्हणून नाव घेतलं, कशासाठी तर भावजयांनी मला हसू नये म्हणून.

घरी येऊन इचारलं, असं का केलं? म्हणत्यात, खरंच पळालो, तुजी नजर चुकली असंल. माज्यापाशीबी कबूल करत न्हाईत. बावीस वर्सं मी यांच्या मानावर रागावले, भावजी, आन आता मलाच तो परत आणून द्यावा वाटतोय.

कुणाला सांगू नगा. आन यांना लई चिडवा. तुमी चिडवलं न्हाय तर यांना कळंल की मी सांगितलं.

सोजरबाई


सोलापूर
ता. १९ मार्च १९३४

बाभळीवरच्या आबांस,

तुझं पत्र शिक्षकांच्या खोलीत मोठ्यानं वाचलं. तास सुरू झाल्याची घंटा कुणाला ऐकू आली नाही. चित्रकलेच्या मास्तरांनी तिथल्या तिथे तुझं चित्र काढलं, वर तू, खाली डुक्कर. डुक्कर फार रुबाबदार आलं आहे. ते चित्र मी घरी आणलं आणि अनसूयेनं स्वयंपाकघरात फळीजवळ लावलं. ती विचारते, कितव्या फांदीपर्यंत गेला होतात ते कळवा, चित्रात दुरुस्ती करायची आहे.

मी गोगलगाईला भ्यायचो हे तू वहिनींना सांगितलंस. मास्तर भित्रा आहे हे चाळीस वर्षं तू मनात ठेवलं होतंस. आता आपली बरोबरी झाली. नाही, चुकलं. मी गोगलगाईला भिऊन कधी बायकोला खाली सोडून झाडावर चढलो नाही. तेव्हा तू माझ्याहून थोडा जास्तच पळपुटा ठरतोस आणि हे मी जन्मभर तुला ऐकवणार आहे. येणाऱ्या प्रत्येक पत्राच्या सुरुवातीला मी बाभळीची खुशाली विचारणार.

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही दोघं जेऊरला येतो. अनसूयेला ती बाभूळ बघायची आहे. मला तुझ्या खांद्याला लावायला इथल्या वैद्याचं तेल आणायचं आहे. झाडावर चढताना दुखावला असेल, म्हणून. वहिनींना माझा नमस्कार सांग, आणि तुझ्यासारख्या भित्र्या माणसाशी संसार केला याबद्दल माझ्यातर्फे त्यांना शाबासकी दे.

या कागदावर दोन ठिकाणी शाई पसरली आहे, त्याकडे लक्ष देऊ नकोस. हसून हसून डोळ्यांना पाणी आलं, एवढंच.

तुझा
शरू